दोघींचा कौल

तोंडवली, १२ जून २०२५

दीपिकाबाय,

बाकीच्या बायका तुला मॅडम म्हणायच्या. मी तेव्हा म्हटलं नाही, आता तर तू आमची मॅडम उरलीही नाहीस. संस्थेचं काम बंद झालं, तू दिल्लीला गेलीस, ग्रुपमधून निघालीस. फोन लावते तर घंटी वाजून वाजून गप्प होते. म्हणून लिहिते. जाताना तू तुझा दिल्लीचा पत्ता घातलेली पाकिटं दिली होतीस ना, ‘यशोदाताई, अधूनमधून दोन ओळी पाठवा’ म्हणून? दोन ओळी माझ्याने होत नाहीत. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, अक्षर मासळीच्या काट्यासारखं. वाचायचं तर वाच.

बातमी चांगली आहे. संचिता आणि रेहाना, दोघींना सावंतवाडीला जागा मिळाली. फ्रीज आणि एसी दुरुस्ती, एक वर्षाचा कोर्स. फी माफ. मुलींसाठी दोनच जागा होत्या, दोन्ही आपल्याच पोरींना.

तुम्ही मला सोबतीण केलंत तेव्हा वाडीत सगळे हसले. माझा धोंडू तर अजून हसतो. ‘चौथी नापास मास्तरीण’ म्हणतो. मी चौथी पास आहे, ते त्याला माहीत आहे. पण तू तेव्हा म्हणाली होतीस, शिकवायचं काही नाही, पोरींच्या सोबत राहायचं. आणि दोन पोरी दोन तऱ्हेच्या घरांतल्या दिल्यास. एक आमच्या वाडीतली, सत्यवानाची संचिता. दुसरी कट्टा गावातल्या पाववाल्या हनीफभाईंची रेहाना. संस्था गेली तरी मी पोरी सोडल्या नाहीत. दर बाजाराला कट्ट्यात माझ्या मासळीच्या टोपलीमागे दोघी येऊन बसतात. बँकेत खातं कसं उघडायचं ते आम्ही तिघी एकदमच शिकलो. क्लार्क माझ्यावर खेकसला तेव्हा रेहानाने त्याला विचारलं, ‘सर, तुमका बरां नाय काय?’ तेव्हापासून तो आम्हाला खुर्ची देतो.

फ्रीजचं तिच्याच डोक्यातून आलं. गेल्या वर्षी माझा डीप फ्रीजर बंद पडला. कुडाळचा मेकॅनिक चौथ्या दिवशी आला, तोवर पापलेट, सुरमई सगळं खड्ड्यात पुरावं लागलं. दुसऱ्या वेळी पडला तेव्हा रेहाना घरी आली होती. मागचं झाकण उघडून, मोबाइलमध्ये बघून, एक काळा डबीसारखा पार्ट काढून म्हणाली, ‘ह्यो जळलो, मावशी.’ मालवणातून तसलाच आणून बसवला. चालू. किनाऱ्याला एवढी हॉटेलं झालीत, खाऱ्या वाऱ्याने दर दोन वर्षांनी एसी सडतात, आणि दुरुस्त करणारा माणूस कुडाळहून येतो. पोरींच्या हाताला आयुष्यभर काम.

आता एवढंच बाकी आहे की दोन्ही बापांनी हो म्हणायचं. तिथे मुलींना हॉस्टेल नाही, खोली घ्यावी लागेल. हनीफभाईंनी स्पष्ट सांगितलं. ‘दोघी जातली तर माझी ना नाय. एकटीक धाडूचंय नाय. एकट्या पोरीचा नाव आयकल्यार खोली कोण देणत नाय, यशोदाबाय. संचिता वांगडा आसली तर तिच्या नावार खोली गावतली.’ खरं बोलतो माणूस, संचिता सोबत असली तर तिच्या नावावर खोली मिळेल.

राहिला सत्यवान. तो ‘बघूया’ म्हणतो.

यशोदा


तोंडवली, २९ जून

दीपिकाबाय,

सत्यवान अजून ‘बघूया’च म्हणतो आहे.

मासेमारी बंद आहे, होड्या वर ओढून माडाच्या झापांखाली घातल्यात, पुरुषांना जाळी विणण्याशिवाय काम नाही. मी रोज त्याच्या पडवीत जाऊन उभी राहते. कालचं सांगते.

मी म्हटलं, ‘सत्यवाना, काय ता एकदा बोल. हो नायतर नाय.’

‘बघूया गो.’

‘काय बघतलस? समुद्र? तो खंय जाणा नाय.’

‘तसा नाय. चेडू वर्षभर भायर ऱ्हवतला. लग्नाचा बघूचा आसा. लोक काय...’

‘लोकांचो एसी बंद पडलो की तेच लोक हात जोडून येतले.’

तो हसला आणि सुई जाळ्यात घातली. संचिताची आई दारातून मला खुणावत होती, बोल, बोल, म्हणून. ती आपल्या बाजूची आहे. संचिता चुलीपाशी होती. भाकरी थापत होती.

फी भरायची नाही, पण कागद वीस जुलैच्या आत द्यायचेत. मला हे बघूया-बघूया सहन होत नाही. माणसाने नाही म्हणावं, मी भांडेन. हो म्हणावं, मी पेढे वाटेन. हा मधला चिखल मला जमत नाही, धोंडूला विचार.

मी एक उपाय काढला आहे. तुला आत्ता सांगत नाही, तू नाक मुरडशील. पण आमच्याकडे अडलेली कामं अशीच सुटतात, आणि एकदा सुटली की कुणाच्या बापाची टाप नसते मागे फिरवायची. मंगळवारी होईल. मला काळजी नाही.

यशोदा


तोंडवली, १३ जुलै

दीपिकाबाय,

पाऊस फार आहे. सुकट विकते आहे, गोलमाचं, म्हणजे बारीक कोळंबीचं, बरं जातं. बांगडे यंदा नीट सुकले नव्हते, त्यांना वास येतो, गिऱ्हाईक नाक धरून भाव पाडतं.

संचिताचं जरा अडलं आहे. घरची अडचण. होईल.

रेहाना या बाजाराला आली नाही.

दुसरं काही नाही. तू देवळात कौल लावताना कधी बघितलं आहेस काय? सहज विचारते.

यशोदा


तोंडवली, १८ जुलै

दीपिकाबाय,

मागचं पत्र फाडून टाक. अडचण-बिडचण काही नाही. सरळ सांगते.

मी सत्यवानाला म्हटलं होतं, ‘तुका ठरवूक जमणा नाय ना? मगे देवाक विचार आणि मोकळो हो.’ ही माझी अक्कल.

तू पुण्याची, तुला सांगावं लागेल. आमच्या गावात कुणाचं लग्न, होडी, घर, भांडण, काहीही अडलं की देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. मग त्यावर बोलायचं नाही. सत्यवान देवाला मानणारा. मी म्हटलं, एकदा उजवा झाला की हा, ह्याचा भाऊ, सगळी वाडी गप्प बसेल. आणि उजवा होणारच. पोर शिकायला जाते, चोरी करायला नाही, देव नको कशाला म्हणेल? माझ्या मनात दुसरं आलंच नाही. डावा झाला तर काय, हा विचार एक क्षणभरसुद्धा नाही.

एक तारखेच्या मंगळवारी सकाळी देवळात गेलो. सत्यवान, त्याची बायको, संचिता, मी, धोंडू, वाडीतले पंधरावीस जण. पावसात दुसरं काम काय! गंगाराम गुरवाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

‘बा देवा म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘आज ह्या सत्यवानाच्या घरचा चेडू, संचिता, परगावाक शिकूक जावचा म्हणता...’

‘व्हय म्हाराजा!’

‘तेची वाट बरी आसात, तेच्यात तेचा भला आसात, तर उजवो दी म्हाराजा, आणि नसात तर तुझो तू सांग!’

‘व्हय म्हाराजा!’

सगळ्यांत मोठा आवाज माझा.

वेळ गेला. पावसाचं पाणी पन्हळीतून पडत होतं. मग डावी पाकळी सुटली. हळू नाही, टपकन पडली, जशी कुणी बोटाने टिचकी मारावी.

गंगारामने थांबून परत विचारलं, ‘काय चुकला आसात तर सांग, नारळ देतो, मान देतो, वाट मोकळी कर.’ परत पाकळ्या लावल्या. परत डावी.

सत्यवानाने हात जोडले आणि मोठा श्वास सोडला. बाय, त्याच्या तोंडावर सुटका होती. त्याला आता ठरवायचं नव्हतं. आणि त्याची बायको, जी महिनाभर मला दारातून खुणा करत होती, तिने माझ्याकडे असं बघितलं, जशी मी तिच्या पोरीला विहिरीत ढकलत होते आणि देवाने पदर धरला.

घरी येताना धोंडू म्हणाला, ‘तुका कोणी सांगल्यान देवाक मधी घालूक? सत्यवान दोन बाटल्यांत ऐकलो आसतो.’

मी संध्याकाळी गंगारामकडे गेले. म्हटलं, पाऊस आहे, दगड ओला आहे, डाव्या बाजूला गळतं, पाकळी घसरली असेल. तो चिडला नाही. म्हणाला, ‘यशोदा, माका विचारू नको. मी लावतंय. पाडणंय नाय.’ एकदा डावा झाला की त्या कामाला वर्ष फिरेपर्यंत परत विचारायचं नाही, ही आमच्या वाडीची रीत.

दुसरी पोर शोधली. रेहानासोबत जाईल अशी कुणीही. जितेंद्रची दीपिका, तुझ्याच नावाची, बारावी झालेली, तिच्या आईने मला पडवीतूनच परत पाठवलं. म्हणे, त्या शिक्षणालाच डावा पडला आहे. आता वाडीत त्या कोर्सचं नाव काढलं की बायका कानाला हात लावतात.

आणि रेहाना. ती काल आली. माझ्या टोपलीमागे बसली. मी सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती सुकटीतले खडे वेचत राहिली, मग म्हणाली, ‘मावशी, एक विचारू? तुमच्या देवाक माझा नाव सांगलास?’

मी म्हटलं, ‘नाय.’

‘एकदाव?’

‘नाय गो.’

‘मगे तेनी माका नको म्हटलेला नाय.’

पंधरावीस माणसं व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा करत होतो, आणि जिचं सगळं त्यावर टांगलेलं, तिचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. माझ्यापण नाही.

पण पोर बरोबर बोलते. तिला डावा झालेलाच नाही. मी कोर्सच्या हापिसात फोन केला. तिथला बाबू भला आहे, म्हणाला, कागद पाच ऑगस्टपर्यंत चालतील. परवा मी तिला घेऊन सावंतवाडीला जाते. खोली मिळाली की हनीफभाईंना हो म्हणावंच लागेल.

तू काही करू शकशील तर कर. तिथे तुझ्या ओळखीचं कोणी?

यशोदा


तोंडवली, १० ऑगस्ट

दीपिकाबाय,

तुझा आवाज फोनवर आला. एक मिनिटाचा. तीनदा ऐकला. ‘यशोदाताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. ही अंधश्रद्धा आहे, तुम्ही त्यांना ठामपणे सांगायला हवं होतं की पाकळीला काही अर्थ नसतो. मी बोलते कोणाशी तरी.’

आधी त्या पाकळीचं बोलू.

मोठ्या वादळात धोंडूची होडी आली नव्हती. दोन दिवस. सगळे म्हणाले, संपलं, माझ्या हातातल्या बांगड्यांकडे बघायला लागले. माझ्या सासूने कौल लावला. उजवा झाला. मी त्या पाकळीवर एक दिवस आणि एक रात्र काढली, बाय, तोंडात पाण्याचा थेंब नाही. आणि तो देवगडच्या बाजूला लागला, जिवंत. आता तू म्हणतेस पाकळीला अर्थ नाही. म्हणजे तेव्हाही नव्हता? मला ते म्हणता येत नाही. डावी खोटी म्हटली तर उजवीपण खोटी. एक ठेवून एक टाकायला ते काय बाजारातले बांगडे आहेत? मी सत्यवानाला ठामपणे काय सांगू? मी स्वतः हात जोडून उभी होते.

आता कोणाशी तरी बोलते म्हणालीस त्याचं. बोललीस काय? पाच तारीख गेली.

सावंतवाडीला आम्ही दोनदा गेलो. पहिलं घर तलावाजवळ, एक म्हातारी बाई, नवरा निवृत्त. खोली दाखवली, पाणी कधी येतं सांगितलं, गॅस कुठे ठेवायचा सांगितलं. रेहानाच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, शिकणारी मुलगी घरात असली की बरं वाटतं. मग विचारलं, ‘नाव काय गं तुझं?’

‘रेहाना.’

‘ह्यांना विचारून कळवते हां.’

माझा नंबर लिहून घेतला. अजून कळवते आहे.

दुसऱ्या घरी मी आधीच नाव सांगितलं, म्हटलं उगाच जिने चढायला नकोत. ती म्हणाली, ‘आमचं तसं काही नाही हो, पण घरात देवघर आहे.’ मी म्हटलं, ‘बाय, ती एसी शिकूक येता, तुमचा देवघर धुऊक नाय.’ रेहानाने मला हाताला धरून बाहेर काढलं.

मग ती म्हणाली आमच्या लोकांत बघूया. तिथेही गेलो. घर चांगलं, बाई चांगली, चहा, खारी. सगळं ऐकून म्हणाली, ‘एकटी मुलगी आम्ही ठेवत नाही. नातेवाईक नाही, कुणी मोठं नाही, उद्या मोहल्ल्यात बोलले तर आम्ही काय तोंड दाखवणार?’

एवढी घरं फिरलो. एकीनेही हाकलून दिलं नाही. सगळ्यांनी पाणी दिलं. मला हाकललं असतं तर बरं वाटलं असतं, मी भांडले असते.

परत येताना एसटीत रेहाना खिडकीशी बसली होती. म्हणाली, ‘मावशी, संचिताचो देव निदान उत्तर तरी देता.’

मी त्याच दिवशी हनीफभाईंच्या भट्टीवर गेले. पाव काढत होते. मी म्हटलं, ‘मी ऱ्हवतंय तिच्यावांगडा. वर्षभर. खोली माझ्या नावार. यशोदा धोंडू नाव आयकून कोण नाय म्हणता बघू.’

त्यांनी फावडं बाजूला ठेवलं, हात पुसले. मला स्टूल दिलं.

‘तुमी वर्षभर ऱ्हवतलास? धोंडूदादाक कोण जेवूक घालीत?’

‘तेका हात आसत.’

ते हसले. मग हसू गेलं. ‘यशोदाबाय, राग मानू नका. तुमी माझ्या चेडवासाठी जितक्या केलास तितक्या तिच्या मावशीन करूक नाय. पण उद्या थंय काय अडला, तुमचा मन मागेपुढे झाला, आणि तुमी परत देवाक विचारूक गेलास तर? तुमचो देव चुकता असा मी म्हणणंय नाय. तो मोठो. पण माझ्या पोरीचा तेच्या हातात मी कित्याक देऊ? तेका ती ठावकच नाय.’

मी उठले. त्यांनी कागदात पाव बांधून दिले, पैसे घेतले नाहीत.

मी ‘विचारणार नाही’ म्हणाले असते तर ते खोटं होतं. मला माहीत आहे मी कशी आहे. एखादा दिवस असा येतो की जीव घाबरा होतो, आणि माझे पाय आपोआप देवळाकडे वळतात. पन्नास वर्षं वळताहेत.

परवा नारळी पौर्णिमा झाली. होड्या पाण्यात गेल्या. समुद्राला नारळ घालताना सगळ्यांनी गाऱ्हाणं घातलं. मी तिथे होते, पण माझा आवाज निघाला नाही. धोंडूने बघितलं.

यशोदा


तोंडवली, १४ सप्टेंबर

दीपिकाबाय,

हे शेवटचं पाकीट. पुढे पत्ता मी घालू शकते, घालायला येतो, पण घालणार नाही.

तुझ्या जागी कोणी स्वप्ना म्हणून आली आहे, दुसऱ्या संस्थेची. फोन केला होता. गोड बोलते. म्हणाली, जुन्या सोबतिणींना परत घेतो आहोत, तुम्हाला दोन नवीन मुली देऊ, एक अल्पसंख्याक असावी असं आहे. जशी टोपलीत एक पापलेट असावं. मी नाही म्हटलं. तसंही माझ्याकडे कोण पोर धाडणार? बाजारात माझ्या टोपलीमागची जागा रिकामी असते. तिथे आता मी छत्री ठेवते.

संचिता इथेच एका हॉटेलात कामाला लागली. पाहुण्यांना खोल्या दाखवते, चादरी बदलते. अंग भरलंय, हसते. परवा किनाऱ्यावर भेटली. मी म्हटलं, ‘वाईट वाटता मा गो?’

ती म्हणाली, ‘खरा सांगू, मावशी? बरा झाला. माका भियाच वाटा होती. तुमी सगळी इतकी मागे लागलेलास, माका बोलूक गावला नाय.’

बापाला विचारलं, आईला विचारलं, देवाला विचारलं. ती चुलीपाशी भाकरी थापत होती, मला दिसत होती, आणि तिला कुणी विचारलं नाही. रेहानाला जायचं होतं तर तिचं नाव घेतलं नाही. हिला जायचं नव्हतं तर हिच्यासाठी नारळ फोडले. आता बोल, डावी पाकळी खोटी होती काय? मला रोज वेगळं वाटतं. सकाळी वाटतं देवाला संचिताच्या मनातलं कळलं. दुपारी वाटतं, मग रेहानाच्या मनातलं का नाही कळलं? तिथे येऊन अडतं.

रेहाना काजूच्या फॅक्टरीत जाते. काजू फोडते. तुला माहीत नसेल, काजूच्या टरफलातून डीक निघतो, तो तेलासारखा असतो, हाताला लागला की कातडं जळतं, काळं होतं, मग सालं निघतात. राख लावतात, मोजे देतात, पण मोज्यात हात चालत नाही आणि फोडलेल्या काजूच्या वजनावर पगार. बाजारात ती दोनदा दिसली. एकदा दुसरीकडून बांगडे घेत होती. मी हाक मारली नाही.

गेल्या रविवारी माझा फ्रीजर परत बंद पडला. हंगाम सुरू, आत सुरमई भरलेली. कुडाळच्याला फोन केला, तो म्हणाला बुधवारी येतो. रेहानाला कळवायचं नाही असं मी ठरवलं होतं. धोंडूने कळवलं. चोरून, पडवीच्या कोपऱ्यात जाऊन.

ती एसटीने आली. पिशवीत पेचकस, चाचणीचा दिवा. ‘मावशी, टॉर्च धर’ म्हणाली, जशी कालच गेली होती. मी टॉर्च धरली. तिची बोटं बघितली तर टोकं काळी, मध्ये गुलाबी, कातडं वर उचललेलं. दोनदा स्क्रू हातातून सुटून खाली पडला. आधी असं कधी झालं नव्हतं. ती खाली बसून चाचपडली, मी उचलून दिला. तासभर लागला. मग फ्रीजर हुंकारला आणि चालू झाला.

धोंडू म्हणाला, ‘बघ! कुडाळच्या मेल्याक आता सांग, घरीच बस म्हणान.’

रेहाना हसली. झाकण लावताना मला म्हणाली, ‘ह्यो आता चलात. पण पुढच्या टायमाक त्या माणसाकच बोलव, मावशी.’

‘कित्याक? तू आसस ना?’

‘तार गरम की थंड, ता माझ्या बोटांक कळणा नाय आता.’

मी जेवून जा म्हटलं. ती म्हणाली एसटी चुकेल. सुरमईचे दोन तुकडे बांधून दिले, ते घेतले. दारात थांबून म्हणाली, ‘तुमच्या देवाक सांग, माझा नाव रेहाना.’ चेष्टेत म्हणाली. मी तिला एसटीपर्यंत सोडायला गेले.

संचिताची आई सांगून गेली, देवदिवाळी झाली की वर्ष फिरतं, दुसऱ्या कुणाच्या पोरीसाठी परत विचारून बघता येईल. मी म्हटलं, विचारा. मी येऊन उभी राहीन. देव आहे, आणि तो ऐकतो, म्हणूनच माझ्या तोंडून आता प्रश्न नको.

तू कुणाशी बोललीस की नाही, आता कळवू नकोस.

फ्रीजर चालू आहे. कुडाळच्या माणसाचा नंबर मी दारामागे खडूने लिहून ठेवला आहे.

यशोदा